मुक्त दर, बांधलेले ग्राहक

परभणी जिल्ह्याचे नाव दिल्ली-मुंबईच्या वृत्तपत्रांना एरवी क्वचितच घ्यावे लागते. दुष्काळ, अतिवृष्टी आणि निवडणूक ही तीन निमित्ते सोडली, तर या जिल्ह्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. गेल्या काही वर्षांत मात्र एका चौथ्या निमित्ताची भर पडली. देशातील सर्वांत महाग पेट्रोल कोठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर म्हणून परभणीचे नाव वारंवार छापून आले. १० सप्टेंबर २०१८ रोजी इंधनाच्या दरवाढीविरुद्ध ‘भारत बंद’ झाला, त्या दिवशी मुंबईत पेट्रोलचा दर लिटरला ८८ रुपयांच्या किंचित वर होता. परभणीत तो नव्वदीला टेकला होता. पुढे २०२१ साली शंभरी ओलांडण्याची वेळ आली तेव्हाही राजस्थानातील श्रीगंगानगर आणि मराठवाड्यातील परभणी ही नावे अनेकांच्या तोंडी होती. जिल्ह्याला असा लौकिक लाभावा, यात भूषण मानण्यासारखे अर्थातच काही नाही.

याचे कारण गूढ नाही. मुंबईच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निघालेले पेट्रोल-डिझेल नळवाहिनीने मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोत येते. तेथून परभणीपर्यंत तीनशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास टँकरने होतो. परभणीहून पूर्णा आणखी दहा कोस पुढे. या प्रवासाचे भाडे पंपावरच्या दरात मिळवले जाते. राज्याचा मूल्यवर्धित कर मुख्यतः शेकडेवारीने आकारला जातो आणि तो भाडे मिळवून झालेल्या किमतीवर लागतो. पेट्रोलवर हा कर शेकडा २५ धरला, तर वाहतुकीचा प्रत्येक रुपया ग्राहकाच्या हाती येईतो सव्वा रुपया होतो. म्हणजे अंतराची किंमत तर द्यायचीच, पण त्या अंतरावरचा करही द्यायचा. जो गावापासून दूर, तो शासनाला अधिक कर देतो, असा हा हिशेब आहे. कोणत्याही अर्थमंत्र्याने असा कर उघडपणे मांडण्याचे धाडस केले नसते.

लिटरमागे दीड-दोन रुपयांचा फरक, त्यासाठी एवढा गहजब कशाला, असे कोणी म्हणेल. रोज पूर्णेहून एखाद्या खेड्यातल्या शाळेत दुचाकीने जाणाऱ्या शिक्षकाला महिन्याकाठी त्याने चाळीस-पन्नास रुपयांचा फटका बसतो. तो त्याने सोसला आहे आणि पुढेही सोसेल. परंतु डिझेलचे तसे नाही. नांगरटीचा एकरी भाव, मळणीयंत्राचे भाडे, मोंढ्यात माल नेणाऱ्या टेम्पोची खेप, सिमेंटची गोणी आणि किराणा दुकानातील साबणाची वडी, या प्रत्येकात डिझेल मुरलेले असते. राज्य परिवहन महामंडळाने २०१८ च्या जूनमध्ये शेकडा १८, २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १७.१७ आणि २०२५ च्या जानेवारीत १४.९५ टक्क्यांनी भाडे वाढवले. प्रत्येक वेळी वाढत्या खर्चाच्या यादीत डिझेल होतेच. परभणी-पूर्णा पट्ट्यातील शेतकऱ्याला हा वाढीव खर्च सोयाबीनच्या किंवा कापसाच्या दरात मिळवता येत नाही. त्याच्या मालाचा भाव दुसरेच कोणी ठरवते.

परंतु मुख्य प्रश्न दोन रुपयांचा नाही. या देशात पेट्रोलचा दर ‘मुक्त’ करण्यात आला तो स्पर्धेच्या नावाने. स्पर्धा झाली की ग्राहकाचे हित आपोआप साधते, असे आपल्याला सांगण्यात आले. ती स्पर्धा पूर्णेच्या ग्राहकाला आजवर कोठे भेटली, हा खरा प्रश्न आहे.

या धोरणाचा प्रवास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९७४ साली एस्सो आणि १९७६ साली बर्मा शेल या परदेशी कंपन्या शासनाने ताब्यात घेतल्या. कॅल्टेक्सही पाठोपाठ आली. त्यांतून हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या सरकारी कंपन्या उभ्या राहिल्या. इंडियन ऑइल आधीपासून होतीच. दर शासन ठरवीत असे आणि कंपन्यांची तूट-वाढ एका सामाईक तेलनिधीतून भरून काढली जाई. १ एप्रिल २००२ रोजी ही पद्धत कागदोपत्री संपली. प्रत्यक्षात मात्र मंत्रालयाची संमती घेतल्याशिवाय दर हलत नसे. डॉ. किरीट पारीख समितीने २०१० च्या फेब्रुवारीत दरमुक्तीची शिफारस केली आणि त्याच वर्षी जूनच्या अखेरीस पेट्रोल मुक्त झाले. डिझेलला २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत वाट पाहावी लागली. १६ जून २०१७ पासून तर दर रोज सकाळी बदलू लागले. सोन्या-चांदीप्रमाणे पेट्रोलचाही रोजचा भाव वर्तमानपत्रात छापून येऊ लागला.

दर मुक्त झाले, पण ते कोणाच्या हाती? पंपचालकाच्या हाती तर नक्कीच नाहीत. किराणा दुकानदार शेजारच्यापेक्षा साखर आठ आणे स्वस्त विकून गिऱ्हाईक ओढू शकतो. पंपचालकाला ती मुभा नाही. त्याला ठरलेले कमिशन मिळते आणि दर कंपनीकडून कळतो. देशातील दहांपैकी सुमारे नऊ पंप तीन सरकारी कंपन्यांचे आहेत आणि तिघींचे एका गावातील दर पैशांच्या फरकाने सारखेच असतात. ग्राहकाला पंप निवडता येतो, दर निवडता येत नाही. रस्त्याच्या या बाजूला वळावे की त्या बाजूला, एवढ्यापुरते हे स्वातंत्र्य आहे.

खाजगी कंपन्या स्पर्धा आणतील, अशी अपेक्षा होती. रिलायन्स आणि एस्सार या कंपन्यांनी २००२ नंतर पंप उघडलेही. पण २००८ साली कच्चे तेल कडाडले आणि सरकारी पंपांवरचे दर शासनाने दाबून धरले. सरकारी कंपन्यांची तूट शासन भरून देत होते. खाजगी कंपन्यांना ती सोय नव्हती. रिलायन्सने आपले चौदाशेच्या घरातील पंप बंद केले. २०२२ साली तेच नाटक पुन्हा रंगमंचावर आले. युक्रेनच्या युद्धाने तेल भडकले, सरकारी कंपन्यांनी दर गोठवले आणि खाजगी पंपांनी विक्री आखडती घेतली. तेव्हा पंप परवान्याप्रमाणे चालू ठेवलेच पाहिजेत, असे शासनाला त्या जूनमध्ये बजावावे लागले. या दोन्ही प्रसंगांत खाजगी कंपन्यांची बाजू घेण्याचे कारण नाही. नफ्याच्या काळात त्या हजर असतात आणि तोट्याच्या काळात दिसेनाशा होतात, हा त्यांचा स्वभावच आहे. पण जेथे सर्वांत मोठा विक्रेता आणि खेळाचे नियम करणारा हे एकच आहेत, तेथे स्पर्धा रुजत नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मुक्त दराचे आणखी एक वैशिष्ट्य ग्राहकांनी एव्हाना ओळखले आहे. हे दर निवडणुकीच्या सुमारास थांबतात. २०१८ च्या मे महिन्यातील कर्नाटकच्या मतदानापूर्वी ते एकोणीस दिवस हलले नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून उत्तर प्रदेशादी राज्यांचे निकाल लागेपर्यंत, आणि त्यानंतरही काही दिवस, ते स्तब्ध होते. मग २२ मार्च २०२२ पासून सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपये वाढले. लोकसभेच्या निवडणुकीच्या तोंडावर २०२४ च्या मार्चमध्ये नेमके दोन रुपये उतरले. वरून खाली येण्याची घाई मात्र या दरांना कधीच नसते. २०१४ च्या मध्याला शंभर डॉलरवर असलेले कच्चे तेल २०१६ च्या जानेवारीत तीस डॉलरखाली आले. त्याच काळात केंद्राने उत्पादनशुल्क नऊ वेळा वाढवले आणि घसरणीचा मोठा वाटा तिजोरीत जमा केला. २०२० च्या टाळेबंदीत जगाच्या बाजारात तेलाला कोणी विचारीना, तेव्हा मे महिन्यात पेट्रोलवर दहा आणि डिझेलवर तेरा रुपयांचे शुल्क एका रात्रीत चढवले गेले. राज्यानेही मागे राहण्याचे कारण नव्हते. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये दुष्काळनिवारणासाठी पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपयांचा अधिभार बसवण्यात आला. तो दुष्काळ प्रामुख्याने मराठवाड्याचा होता, आणि त्याच्या निवारणासाठी मराठवाड्यातील शेतकऱ्याने आपल्या ट्रॅक्टरच्या टाकीतून वर्गणी दिली.

याहून सूक्ष्म अशी एक गोष्ट दराच्या पोटात दडलेली आहे. आपण वापरतो ते पेट्रोल-डिझेल बहुतांशी देशातच शुद्ध होते. बाहेरून येते ते कच्चे तेल. तथापि कारखान्यातून निघणाऱ्या मालाची किंमत ठरवताना तो माल जणू परदेशातून जहाजाने आणला आहे, असे बव्हंशी गृहीत धरण्याची रीत आहे. २००६ पासून यात आयातीच्या दराला शेकडा ८० आणि निर्यातीच्या दराला २० असे वजन दिले गेले. म्हणजे न झालेल्या सागरी प्रवासाचे भाडे आणि विमा यांचा अंश किमतीत येतो. पूर्णेचा ग्राहक अशा रीतीने दोन भाडी देतो: आखाती बंदरापासून मुंबईपर्यंतचे काल्पनिक, आणि मनमाडपासून आपल्या गावापर्यंतचे खरे.

मग वाहतुकीचा भार सर्व राज्यावर सारखा वाटावा काय? ही मागणी ऐकायला गोड वाटते, पण तिला दुसरी बाजू आहे. १९५२ साली केंद्राने पोलाद वगैरे मालाचे रेल्वेभाडे देशभर समान केले. त्यामुळे बिहारसारख्या खनिजसंपन्न प्रदेशाचा नैसर्गिक लाभ गेला, कारखाने बंदरांजवळ उभे राहिले आणि १९९० च्या दशकात ते धोरण गुंडाळावे लागले, तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. त्या धोरणाने ज्यांना लाभ दिला त्यांत मुंबईही होती, ही गोष्ट मुंबईकरांनी विसरू नये. मात्र पोलाद आणि डिझेल यांत फरक आहे. पोलादाचे भाडे समान केल्याने कारखान्याची जागा बदलते. डिझेलचे भाडे समान केल्याने परभणीची जमीन काही घाटावरून कोकणात जात नाही. जो ग्राहक हलू शकत नाही, त्याला अंतराचा दंड करून बाजाराला कोणता संकेत द्यायचा असतो?

विजेच्या बाबतीत आपण नेमके उलटे तत्त्व पाळत आलो आहोत. पूर्णा नदीवर येलदरीला साडेबावीस मेगावॉटचे जलविद्युत केंद्र आहे. पण तेथली वीज पूर्णेला स्वस्त आणि पुण्याला महाग मिळत नाही. महावितरणच्या सर्व क्षेत्रात एका वर्गाच्या ग्राहकाला एकच दर. पोस्टकार्डाला जसे पूर्णेहून परभणीला आणि कन्याकुमारीला सारखेच तिकीट, तसेच हे. विजेच्या वाटपात सर्व न्याय्य होते, असा याचा अर्थ नव्हे. भारनियमनाच्या काळात दर सारखा असला तरी अंधार सारखा नव्हता. ज्या फीडरवर गळती आणि थकबाकी अधिक, तेथे वीज अधिक तास जात असे. आणि प्रामाणिकपणे बिल भरणाऱ्या शिक्षकाच्या घरचा दिवाही थकबाकीदाराबरोबरच विझत असे. तरीही एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. विजेचा दर १९९९ साली स्थापन झालेला राज्य वीज नियामक आयोग ठरवतो. दरवाढीचा प्रस्ताव प्रसिद्ध होतो, त्यावर कोणीही हरकत नोंदवू शकतो, मराठवाड्यासाठी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, जाहीर सुनावण्या झालेल्या आहेत. तेथे साध्या ग्राहकाने उठून महावितरणच्या अधिकाऱ्याला हिशेब विचारता येतो. पेट्रोलच्या दरावर अशी सुनावणी कोठेच नाही. २००६ च्या कायद्याने नेमलेले पेट्रोलियम नियामक मंडळ नळवाहिन्यांचे भाडे ठरवते, पंपावरचा दर ठरवत नाही. मुक्त म्हणवणाऱ्या दराला ना स्पर्धेचा लगाम आहे, ना नियामकाचा.

हे सांगण्याचे प्रयोजन असे की, आता विजेलाही त्याच वाटेने नेण्याचा विचार चालू आहे. २००३ च्या विद्युत कायद्याने एका क्षेत्रात एकाहून अधिक वितरकांची मुभा ठेवलीच होती. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने टाटा कंपनीला मुंबईत किरकोळ ग्राहकांना वीज विकण्याचा मार्ग मोकळा झाला आणि २००९ पासून उपनगरांतील ग्राहक रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेऊ लागले. त्या ग्राहकांना निवड मिळाली, हे खरे. पण ही निवड मिळाली कोठे? जेथे घराला घर लागून आहे, बिल थकत नाही आणि दोन्ही कंपन्यांचे पाय अनेक दशकांपासून रोवलेले आहेत, तेथे. मुंबईबाहेर खाजगी वितरकांकडे फ्रँचायझीच्या रूपाने काम सोपवले गेले ते भिवंडी, नागपूर, औरंगाबाद, जळगाव या शहरांचे. औरंगाबादची व्यवस्था २०११ साली जी.टी.एल. कंपनीकडे गेली आणि २०१४ साली महावितरणला ती परत ताब्यात घ्यावी लागली. पूर्णा तालुक्यातील शेतीपंपांच्या फीडरसाठी कोणी निविदा घेऊन धावत आल्याचे ऐकिवात नाही.

ठाणे-नवी मुंबई भागात समांतर परवान्यासाठी अदाणी समूहाने २०२२ साली अर्ज केला, तेव्हा वीज कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ पासून तीन दिवसांचा संप पुकारला. तो त्याच दिवशी वाटाघाटीनंतर मागे घेतला गेला. त्या संपामागे नोकरीची काळजी होतीच, पण कर्मचाऱ्यांचा एक मुद्दा सर्वांनी विचारात घ्यावा असा होता. चांगले पैसे देणारा ग्राहक निवडून नेला, की उरलेल्यांची वीज कोणाच्या पैशावर चालायची? ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने विद्युत कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा पुढे ठेवला. एकाच तारांवर अनेक वितरक आणि उद्योग व रेल्वे यांच्यावरील इतरांसाठीचा भार पाच वर्षांत संपवणे, असे त्याचे स्वरूप आहे. उद्योगांवरचा तो भार जाचक आहे, यात शंका नाही. परंतु तो उतरवल्यावर कोणाच्या पाठीवर ठेवायचा, हे आधी सांगितले गेले पाहिजे.

परदेशांचा अनुभव येथे मार्गदर्शक ठरावा. ब्रिटनने १९९९ पर्यंत घरगुती ग्राहकाला वीज विक्रेता निवडण्याची मुभा दिली आणि २००२ साली दरावरचे नियंत्रण काढले. २०१६ साली तेथील स्पर्धा प्राधिकरणाने तपास केला, तेव्हा आढळले की ग्राहक वर्षाला सरासरी १४० कोटी पौंड अधिक मोजत आहेत. सर्वांत अधिक झळ बसली होती ती आगाऊ पैसे भरून मीटर चालवणाऱ्या गरीब कुटुंबांना. त्यांना विक्रेता बदलणे सर्वांत अवघड होते. शेवटी २०१९ च्या पहिल्या दिवसापासून सर्वसाधारण ग्राहकांसाठीही दराची कमाल मर्यादा परत आणावी लागली, आणि तीही ज्या हुजूर पक्षाने विजेचे खाजगीकरण केले त्याच पक्षाच्या शासनाला. टेक्सासमध्ये २०२१ च्या फेब्रुवारीत हिमवादळ आले, तेव्हा घाऊक बाजाराचा दर थेट ग्राहकाच्या बिलात उतरवणाऱ्या एका कंपनीच्या ग्राहकांना युनिटमागे नऊ डॉलरच्या हिशेबाने, म्हणजे तेव्हाच्या विनिमयाने साडेसहाशे रुपयांच्या आसपास, बिले आली. कंपनी पुढच्याच महिन्यात दिवाळखोरीत गेली. या देशांत प्रत्येकाच्या हाती निवड होती, माहिती होती, न्यायालये जवळ होती. तेथे ही गत, तर जेथे गावात एकच तार आणि एकाच दराचे दोन-चार पंप, तेथे दरमुक्तीचा अर्थ काय उरतो?

पेट्रोलकडे परत यावयाचे, तर काही गोष्टी आजही करण्यासारख्या आहेत. वाहतूकभाड्याचा भाग मूल्यवर्धित कराच्या हिशेबातून वगळणे, किंवा संपूर्ण कर शेकडेवारीऐवजी लिटरमागे ठरावीक रकमेने घेणे, हे राज्य शासनाच्या अखत्यारीत आहे. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही. दुसरी गोष्ट रेल्वेची. पूर्णा हे काही आडवळणाचे स्थानक नव्हे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा, विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या राज्यात झालेला मार्ग पूर्णेवरून जातो. हिंगोली-अकोल्याची शाखा येथूनच फुटते. मीटरगेजच्या काळात येथे वाफेच्या इंजिनांची मोठी शेड होती. ज्या मनमाडहून इंधन येते, त्या मनमाडला पूर्णा लोहमार्गाने थेट जोडलेली आहे, आणि तरीही टँकर रस्त्याने धावतात. परभणी, हिंगोली आणि नांदेड या तीन जिल्ह्यांच्या मध्यावर, रेल्वेने माल आणणारा डेपो परवडेल की नाही, याचा हिशेब तेल कंपन्यांनी करून तो लोकांसमोर ठेवावा. न परवडणारा असेल, तर तसे आकडे दाखवून सांगावे.

तिसरी गोष्ट कंपन्यांनी स्वतःच तत्त्वतः मान्य केली आहे. २०२४ च्या ऑक्टोबरअखेर, दिवाळीच्या तोंडावर, तिन्ही सरकारी कंपन्यांनी राज्यांतर्गत वाहतूकभाड्याची फेरमांडणी जाहीर केली. डेपोपासून दूरच्या गावांना त्याचा लाभ व्हावा, असा उद्देश होता. ओडिशातील मलकानगिरी आणि छत्तीसगडमधील सुकमा यांसारख्या दुर्गम भागांत लिटरमागे काही रुपयांनी दर उतरले. महाराष्ट्र आणि झारखंड ही दोन राज्ये त्या दिवशी वगळली गेली, कारण तेथे विधानसभेची आचारसंहिता चालू होती. अंतराचा दंड शिथिल करता येतो, हे कंपन्यांनी त्या दिवशी कबूल केले. ज्या जिल्ह्याने हा दंड वर्षानुवर्षे सर्वांत अधिक भरला, त्याच्या प्रत्येक पंपावर मूळ किंमत, केंद्राचे शुल्क, राज्याचा कर, पंपचालकाचे कमिशन आणि मनमाडपासूनचे भाडे असे पाच आकडे दर्शनी फलकावर लिहिले जावेत, एवढी मागणी जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी कंपन्यांकडे आणि अन्न-नागरी पुरवठा खात्याकडे करायला हरकत नसावी. खडू आणि फळा यांपलीकडे तिला काही खर्च नाही.